सावकाश पडणारी मुलगी

यावर कुणाचाही विश्वास बसायचा नाही, आणि जेसल पार्कात तर मुळीच नाही: हरिभाऊ वारंगांनी एकदा एक शंभर टक्के खरी गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, आणि ती दिवसभर कुणालाही सांगितली नाही.

ज्यांना हरिभाऊ माहीत नाहीत त्यांना यात नवल काय ते कळणार नाही. हरिभाऊंचं पूर्ण नाव हरिश्चंद्र. बारशाला आईबापांनी जरा घाईच केली. दोनेक वर्षं थांबून, पोराचा कल बघून नाव ठेवलं असतं तर बरं झालं असतं. परळची चाळ सोडून भाईंदरला आल्यापासून खाडीकाठच्या बाकावर रोज संध्याकाळी त्यांची बैठक असे. त्या बाकावर त्यांनी चौकच्या किनाऱ्यावर गळाला लागलेली एक सुरमई सांगितली होती. रिक्षातून आणताना तिची शेपटी बाहेर राहिली, ती हलली, आणि रिक्षावाल्याने हात दाखवला समजून मागच्या बसवाल्याने आपली बस थेट उत्तनला वळवली. एक डास सांगितला होता, ज्याने त्यांचा चष्मा उचलून नेला आणि नंबर जुळेना म्हणून सकाळी परत आणून ठेवला.

ऐकायला असे गोडदेवचा काशिनाथ. काशिनाथ इथला मूळचा. त्याच्या वाडवडिलांनी जिथे भात लावला तिथे आता सात मजली बिल्डिंगा उभ्या होत्या, त्यामुळे कशाचंही आश्चर्य वाटायचं त्याने सोडून दिलं होतं. प्रत्येक गोष्ट संपली की तो एवढंच म्हणे, "असंल." फाटकी नोट परत करताना दुकानदार ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात.

तर अशा माणसाला साखर निघाली.

रिपोर्ट आणला सुनेने, इशिताने. अंधेरीच्या एका कंपनीत ती हिशेब तपासायच्या कामाला होती आणि घरीही तिच्या नजरेतून काही सुटत नसे. तिने सासऱ्याच्या चहातली साखर काढली, फ्रिजमधली बर्फी शेजारी दिली, आणि गुळाचा डबा माळ्यावर चढवला. हरिभाऊ माळ्यावर चढू शकत नसत, हे तिने आधी पाहून ठेवलं होतं.

"बाबा, फक्त एक सूट," ती म्हणाली. "आरोहीचं काही नवीन झालं की त्या दिवशी एक घास. तेवढंच."

ही सूट द्यायचं कारण सासूबाई. मनोरमाबाईंच्या माहेरी, कुडाळकडे, बाळाच्या प्रत्येक प्रगतीला एक ठरलेलं गोड असे. बाळ पालथं पडलं की कानवले. बसलं की बेसनाचे लाडू, कारण लाडू जसा ताटात बसतो तसं पोरानं बसावं. रांगलं की शेवयांची खीर. पहिलं पाऊल टाकलं की गुळाचे मुटके, कणीक मुठीत दाबून तुपात तळलेले. ज्या दिवशी घडलं त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आत करायचं, ज्याने आधी पाहिलं त्याने आधी खायचं, मग शेजारीपाजारी वाटायचं. उभं राहण्याला मात्र काही नव्हतं. "उभं राहणं म्हणजे चालण्याच्या वाटेवरचं स्टेशन," मनोरमाबाई म्हणत. "तिथे कोण वाटतं गोड?" हरिभाऊंना हा मोठाच अन्याय वाटे.

आरोही, त्यांची नात, पालथी पडली तेव्हा सगळे घरात होते. बसली तेव्हाही होते. कानवला झाला, लाडू झाला. मग इशिताची रजा संपली आणि ती कामावर रुजू झाली. मुलगा कौस्तुभ सकाळी निघायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा. दिवसभर घरात आजी, आजोबा आणि आरोही. आरोही आता पोटावर पडून हातपाय मारायची, पण जागची हलायची नाही. पंख्याखाली पडलेल्या कासवासारखी गोल गोल फिरायची आणि हसायची. एक आठवडा गेला, दुसरा गेला. हरिभाऊ तिच्यासमोर खुळखुळा धरून बसत आणि मनात शेवया शिजवत.

शेवटी एका मंगळवारी, मनोरमाबाई भाजी घेऊन वर आल्या तेव्हा हरिभाऊ दारातच उभे.

"अगं, रांगली."

"काय सांगता? कधी?"

"तू लिफ्टमध्ये असशील. इथून तिथपर्यंत गेली. मी थांब म्हटलं तर मागे वळून बघितलंन आणि पुढे."

"मला दाखवा की."

"आता दमली ती."

आरोही सतरंजीवर उताणी पडून स्वतःच्या पायाचा अंगठा चोखत होती. दमल्यासारखी दिसत नव्हती, पण लहान मुलांचं काय सांगावं. मनोरमाबाईंनी शेवया भाजायला घेतल्या. हरिभाऊंना खरं म्हणजे तेवढंच हवं होतं. एक वाटी खीर, वर दोन बेदाणे, आणि आठ-पंधरा दिवसांत पोर रांगणारच होती, तेव्हा गप्प बसलं की झालं. पण मनोरमाबाईंनी एका हाताने शेवया परतताना दुसऱ्या हाताने सुनेला फोन लावला.

फोनवर इशिता म्हणाली, "व्हिडिओ काढलात?"

"यांना विचारते. अहो, व्हिडिओ काढलात?"

"काढणारच होतो," हरिभाऊ म्हणाले.

"काढणार आहेत म्हणतात," मनोरमाबाईंनी सांगितलं, आणि खीर ढवळायला वळल्या.

आता व्हिडिओ आला. हरिभाऊंनी पाच मिनिटं विचार केला. मग पलंगावरची चादर काढली, जास्वंदीच्या मोठमोठ्या लाल फुलांची, आणि जमिनीवर अंथरली. तिच्या मधोमध आरोहीला पालथं घातलं. मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून चालू केला. स्वतः सोफ्यामागे जाऊन आडवे झाले आणि चादरीचं टोक धरून हळूहळू ओढू लागले. आरोहीला ही मोठीच मौज वाटली. तिने हात पाय मारले, डोकं वर उचललं, खिदळली, आणि दिमाखात पुढे पुढे सरकत सोफ्यापर्यंत आली. मोहिमेवरून परतलेल्या सरदारासारखी.

मनोरमाबाईंनी व्हिडिओ चष्म्याशिवाय पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. मग तो सुनेला गेला. मग खिरीच्या वाट्या मजल्यावरच्या दारोदार गेल्या, आणि बिल्डिंगभर झालं की वारंगांची आरोही सातव्या महिन्यातच रांगली.

समोरच्या हेतलबेनचा हर्षिल आरोहीपेक्षा पंधरा दिवसांनी मोठा. तो अजून मांडी घालून गणपतीसारखा बसून असे. हेतलबेन वाटी परत करायला आली ती हर्षिललाच कडेवर घेऊन.

"काका, इसको भी सिखाओ ना. माझी सासू सकाळपासून बोलतेय, सामनेवाली रांगली आणि आपला फक्त खातो."

"शिकवायचं काय त्यात? आरोहीजवळ ठेव. बघून शिकेल."

तिने ठेवला. त्यानंतर रोज दुपारी हर्षिल वारंगांकडे शिकवणीला येऊ लागला. तिसऱ्या दिवशी तो खरोखरच रांगला, आणि थेट स्वयंपाकघरापर्यंत गेला. आरोही उताणी पडून त्याच्याकडे कौतुकाने बघत होती. हेतलबेनने सगळ्यांना सांगितलं की हे आरोहीचंच बघून आलं. हरिभाऊंनी नम्रपणे मान हलवली.

इथवर सगळं खिरीसारखं गोड होतं. पण त्या मंगळवारचीच गोष्ट अजून पुरी सांगून व्हायची आहे. संध्याकाळी इशिता घरी आली. पर्स खाली न ठेवताच तिने आरोहीला उचललं आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. बराच वेळ आत आली नाही. हरिभाऊ वाटीचा तळ चमच्याने खरवडत होते. बाल्कनीचं दार अर्धं उघडं होतं.

"मी नव्हते ना," ती कौस्तुभशी फोनवर बोलत होती. "रांगताना मी नव्हते. उद्या चालेल, तेव्हाही नसेन. पहिल्यांदा आई म्हणेल तेही बाबाच मला फोनवर सांगतील. मी सोडू का रे नोकरी? नाही, हप्ते कसे भरणार ते मला कळतंय. पण एक तरी काही मला बघू दे ना आधी."

हरिभाऊंचा चमचा थांबला. वाटीच्या तळाशी एक बेदाणा उरला होता. तो त्यांनी खाल्ला नाही. आता त्यांच्या आयुष्यातला हा एकमेव न खाल्लेला बेदाणा, तेव्हा त्याची किंमत वाचकांनी आपापली करावी.

सांगून टाकावं असं त्यांच्या मनात आलं. पण सांगायचं काय? अगं रडू नकोस, ती रांगलीच नाहीये, मी चादर ओढली. हे वाक्य त्यांनी मनात तीन-चार प्रकारे बोलून पाहिलं. कुठल्याच प्रकारे बोललं तरी त्यानंतर आपल्याला घरात राहू देतील असं वाटेना. बेदाण्यासकट वाटी त्यांनी सिंकमध्ये नेऊन ठेवली.

आणि पंधरा-वीस दिवसांनी एका रविवारी, सगळे जेवायला बसले असताना, आरोहीने गुडघे पोटाशी घेतले, बूड वर केलं, पुढेमागे झुलली, आणि निघाली. सरळ इशिताच्या ताटाकडे. इशिताने भाताचा हात तसाच वर धरून तिला कवेत घेतलं.

"किती छान रांगायला लागली नाही?" मनोरमाबाई म्हणाल्या.

"हो," इशिता म्हणाली, आणि तिच्याकडे बघतच राहिली.

पहिल्यांदा. हे पहिल्यांदा होतं, आणि ते इशितानेच आधी पाहिलं होतं. घरात हे एकट्या हरिभाऊंना माहीत होतं आणि ते सांगता येत नव्हतं. सुनेच्या हातात पडलेली वस्तू आपण पंधरा दिवस आधीच चोरून वाटून खाल्ली, असं त्यांना झालं. आमटीचा भुरका घेत त्यांनी मनाशी ठरवलं: चालणं हिचं. चालणं हिनेच आधी बघायचं, मग मला जन्मभर मुटका मिळाला नाही तरी बेहत्तर.

वर्ष भरायला थोडेच दिवस राहिले होते. आरोही सोफ्याला धरून उभी राहायची, सोफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकायची, पण हात सोडत नव्हती. हरिभाऊही तिला सोडायला सांगत नव्हते. हेतलबेन म्हणाली, "काका, उंगली पकडून चालवा ना." हरिभाऊ म्हणाले, "घाई काय आहे?" त्यांच्या तोंडी हे वाक्य ऐकून हेतलबेन घाबरून घरी गेली.

आणि मग तो दिवस आला. शुक्रवार होता. दुपारची वेळ, मनोरमाबाई जमिनीवर बसून वाल सोलत होत्या. हरिभाऊ खुर्चीत. आरोही सोफ्याला धरून उभी. तिने आजोबांकडे बघितलं, सोफ्याकडे बघितलं, आणि सोफा सोडून दिला. एक पाऊल. डगमगली. दुसरं. मग धावल्यासारखी आणखी चार, आणि आजोबांच्या गुडघ्यांवर येऊन आदळली.

हरिभाऊंनी तोंड उघडलं. त्या तोंडातून आजवर काय काय बाहेर पडलं होतं, सुरमया, डास, बसगाड्या. आज आत चक्क खरी गोष्ट होती. त्यांनी तोंड मिटलं.

"अहो, चालली," मनोरमाबाई कुजबुजल्या.

"नाही चालली."

"माझ्यासमोर चालली."

"तू वाल सोलत होतीस. हे बघ, इशिता येईपर्यंत ही चाललेली नाही. कळलं? संध्याकाळी तिच्यासमोर पहिल्यांदा चालेल."

बाल्कनीतलं बोलणं मनोरमाबाईंच्याही कानांवर गेलं होतं. "बरं," त्या म्हणाल्या. "पण मुटके?"

"मुटके रात्री."

"रात्री कसे? दिवेलागणीच्या आत व्हायला हवेत. माझ्या आत्तेच्या पोराचे राहिले, तर तो अजून जिन्यावर ठेचकाळतो."

"तुझा आत्तेभाऊ पितो."

"ते नंतर लागलं," मनोरमाबाई म्हणाल्या, आणि उठून गुळाच्या डब्यासाठी स्टूल ओढू लागल्या. घोड्यावर बसलेल्या नवऱ्याला एकवेळ थांबवता येतं, स्टुलावर चढलेल्या बायकोला नाही. हरिभाऊंनी प्रयत्न केला नाही. त्यांनी फक्त खिडक्या लावून घेतल्या.

पण तुपात तळल्या जाणाऱ्या गुळाचा वास खिडकीने थोडाच जातो? तो दाराच्या फटीतून पॅसेजमध्ये गेला. आणि या मजल्यावरच्या बायकांना वारंगांच्या स्वयंपाकघराची भाषा एव्हाना पाठ झाली होती. बेल वाजली. दारात हेतलबेन, कडेवर हर्षिल.

"काकी, मुटके? आरोही चालली?"

"नाही गं," हरिभाऊ पुढे होत म्हणाले. "सहज. मला खावेसे वाटले."

"तुमको तो शुगर है."

"म्हणून तर फक्त वास घेतोय."

एवढ्यात त्यांच्या मागून, दोन्ही हात हवेत धरून, आरोही आली. आली म्हणजे चालत आली. दारापर्यंत.

"काका, ये तो चल रही है."

"चल नहीं रही, गिर रही है."

"गिर रही है?"

"हां. पडतेय. सावकाश पडतेय. काही मुलं अशीच पडतात, डॉक्टरांनी सांगितलंय."

आरोही आणखी दोन पावलं पडली आणि तिने हेतलबेनची ओढणी धरली. हेतलबेनने तिच्याकडे बघितलं, हर्षिलकडे बघितलं. हर्षिल अजून चालत नव्हता.

"काका," ती हळूच म्हणाली, "हर्षिललापण थोडं पडायला शिकवा ना."

"शिकवतो. उद्यापासून. पण आज कुठे बोलू नकोस, ग्रुपवर टाकू नकोस. इशिता येईपर्यंत."

हेतलबेन वेडी नव्हती. तिलाही एक सासू होती आणि तिने तर आपली नोकरी हर्षिलसाठीच सोडली होती. तिने दोन बोटं ओठांवर ठेवली, एक मुटका आपल्यासाठी ठेवायला सांगितला आणि गेली.

घरात राहणं आता धोक्याचं होतं. मनोरमाबाईंनी पहिला मुटका नवऱ्याच्या हातावर ठेवला. "ज्याने आधी पाहिलं त्याने आधी. खा, मोडायचं नसतं." त्यांनी तो मोडला नाही, अख्खा खाल्ला. मग नातीला कडेवर घेऊन ते खाडीकाठी निघाले. बाकावर काशिनाथ होताच. आरोहीला आता पायांची चटक लागली होती. ती कडेवरून खाली लोंबकळू लागली.

"ठेव ना तिला खाली," काशिनाथ म्हणाला.

"जमीन गार आहे."

"उनानं फरशी तापलीय. भाकर भाजंल तिच्यावर."

"मग चटका बसेल."

"आत्ता गार व्हती."

आरोहीने वाद मिटवला. आजोबांच्या हातातून ती घसरली, बाकाला धरून उभी राहिली, बाक सोडला आणि काशिनाथच्या धोतराकडे चार पावलं चालत गेली. काशिनाथने तिला अलगद धरलं.

"पोर चालतंय की रं."

"नाही."

"न्हाय? ही माझ्या हातात हाय ती कशी आली? उडून?"

"तोल गेला तिचा."

काशिनाथने तिला पुन्हा बाकाशी उभं केलं. भरतीचं पाणी चिखलावर चढत होतं. मग तो म्हणाला, "हरिभाऊ, इतकी वरसं तू मला जे झालं न्हाय ते झालं म्हनून सांगतोस. मी काय बोललो न्हाय. आज झालेलं न्हाय म्हनतोस. तुजी तब्बेत बरी हाय ना?"

"बरी आहे. उद्या सांगतो."

"असंल," काशिनाथ म्हणाला. पण आजचा आवाज वेगळा होता. नोट खरी निघाल्यासारखा.

संध्याकाळी इशिता आली. नेहमीसारखी धापा टाकत आली, चप्पल काढली, पर्स खुंटीला लावली, आणि हॉलच्या मधोमध असलेला काचेचा टीपॉय उचलून भिंतीशी सरकवला. मग ड्रेस न बदलताच समोरच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

"काय म्हणतंय माझं बाळ?"

बाळ काहीच म्हणालं नाही. बाळ दुपारभर चालून चालून थकलं होतं. ते सोफ्याला धरून उभं राहिलं आणि मग बदकन खाली बसलं.

हरिभाऊंना घाम फुटला. त्यांनी नातीला पुन्हा उभं केलं. ती पुन्हा बसली. त्यांनी इशिताच्या बाजूला किल्ल्यांचा जुडगा ठेवला. आरोही रांगत आली, जुडगा घेतला आणि रांगत परत गेली. त्यांनी चष्म्याची डबी ठेवली, पंचांग ठेवलं, शेवटी टीव्हीचा रिमोट ठेवला, ज्याला एरवी हात लावू देत नसत.

"बाबा, तुम्ही सामान का हलवताय?" आत्ताच आलेल्या कौस्तुभने विचारलं.

"सहज. आवरतोय."

"तुम्ही? आवरताय?"

तेवढ्यात आरोहीने रिमोट पाहिला. सोफा सोडला. एक, दोन, आणि मग एका दमात, टीपॉय जिथे होता त्या मोकळ्या जागेवरून, थेट आईच्या कुशीत. इशिताने दोन्ही हात पसरलेच होते. तिने पोरीला छातीशी धरलं आणि डोकं तिच्या मानेत खुपसलं.

"चालली," हरिभाऊ ओरडले. इतके खरेखुरे ओरडले की शेजारी ऐकू गेलं. "पहिलं पाऊल. तुझ्याच समोर टाकलंन हो. आत्ता, या क्षणाला, जन्मात पहिल्यांदा. कौस्तुभ, बघितलंस ना? मीसुद्धा आत्ताच बघितलं, नाहीतर मी काय गप्प बसतो?"

मनोरमाबाई डबा घेऊन आल्या. "घे गं, तोंड गोड कर. आधी तू. तू आधी पाहिलंस."

इशिताने एक मुटका उचलला आणि तोंडात टाकला. चावला. मग थांबली.

"आई, हे गार कसे?"

पंख्याचा आवाज येऊ लागला.

"पंखा," हरिभाऊ म्हणाले. "पंख्याने काय होतं, तूप..."

"ती आत्ता चालली. मुटके तळून, गार होऊन, डब्यात बसलेत. आणि डबा अर्धा." ती सासऱ्याकडे बघत होती. "बाबा, दुपारी चालली ना ती?"

हरिभाऊंनी छताकडे बघितलं. मग, आयुष्यभर ज्याने थापा मारायचा धंदा केला त्या माणसाला जे दिसतं ते त्यांना दिसलं. त्यांची नजर भिंतीशी सरकवलेल्या टीपॉयवर गेली.

"ते सांगतो," ते म्हणाले. "पण आधी तू सांग. आल्याआल्या तू हा टीपॉय का सरकवलास?"

आता इशिता छताकडे बघू लागली.

"म्हणजे?" कौस्तुभ म्हणाला. "मला कुणी सांगेल का?"

"सकाळी," इशिता शेवटी म्हणाली. "बाबा दूध आणायला खाली गेले होते, आई आंघोळीला, तू झोपला होतास. मी केस विंचरत होते. आरशात बघते तर ही मागून येतेय. चालत. टीपॉयचा कोपरा तिच्या कपाळाला लागता लागता राहिला." तिने आरोहीचं कपाळ पुसलं, तिथे काहीच नव्हतं. "मला ओरडावंसं वाटलं. मग म्हटलं, नको. दिवसभर हिच्यामागे बाबा असतात. त्यांना दिसू दे आधी. त्यांना फोन करून मला सांगायला किती आवडतं."

"मग ऑफिसात बोलली नाहीस कुणाला?" कौस्तुभने विचारलं.

"नाही. फोन समोर ठेवून बसले होते दिवसभर. जेवण झालं, चहा झाला, फोन नाही. तेव्हाच मला कळलं की ती नक्की चालली." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "न झालेल्याचा तुमचा फोन यायला कधी वेळ लागला नाही, बाबा."

मनोरमाबाई मात्र डब्यात बघत होत्या. त्यांचा हिशेब वेगळाच चालू होता. "म्हणजे आधी हिनं पाहिलं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही दुपारी खाल्लात तो पहिला मुटका हिचा होता."

"मग आता हिचा मी खाल्ला, तर माझा कोणता?" हरिभाऊंनी चटकन विचारलं, आणि डब्यात हात घातला. कुणी अडवलं नाही. मुटका गार होता, गूळ जरा दाताला चिकटत होता, आणि सगळे त्यांच्याकडेच बघत होते. असं झालं की त्यांच्याकडे एकच उपाय असे. ते बोलू लागले.

"तसं मला सकाळीच कळलं होतं म्हणा. दूध घेऊन वर आलो तेव्हाच हिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नातीचं मला आधीच सगळं कळतं. रांगली तेव्हासुद्धा, तुम्ही कुणी नव्हतात, मी एकटा होतो. सातव्या महिन्यात, विश्वास बसणार नाही तुमचा, कुणाचा आधार नाही, काही नाही, ही जी सुसाट निघाली ती..."

"बाबा," इशिता म्हणाली, "मी नंतर नीट बघितलं, त्या व्हिडिओत चादरीवरची फुलंपण रांगत होती."